डाव्या हाताला न कळलेले दान

उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला कळू नये, हा येशू ख्रिस्ताचा उपदेश ख्रिस्ती नसलेल्या श्रोत्यांनाही परिचित असेल. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात तो आहे. परंतु त्याच प्रवचनात, एकच अध्याय आधी, तुमची सत्कृत्ये लोकांना दिसावीत असेही सांगितले आहे. मग सत्कृत्य झाकावे, की दाखवावे?

मूळ ग्रीक शब्द येथे उपयोगी पडतात. तुतारी वाजवून दान करणाऱ्याला जो 'ढोंगी' म्हटले आहे, तो मूळचा रंगभूमीवरील नटाचा शब्द. अशांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले, या वाक्यातील क्रियापद त्या काळी पैसे पोचल्याच्या पावतीवर लिहीत असत. माझी वीसेक वर्षे सरकारी कचेरीत गेली. म्हणून ही पावती मला विशेष बोचते. पावती झाली, की हिशेब मिटला. मागे काही येणे उरत नाही.

एका दुष्काळात धान्यवाटपावर देखरेख करण्याचे काम मजकडे होते. रात्री अहवाल लिहिताना ध्यानात आले, की धान्य किती घरी पोचले यापेक्षा अहवाल वरिष्ठांना कसा वाटेल याचीच चिंता मी अधिक वाहत होतो. पुढच्या खेपेस अहवालातून स्वतःचा उल्लेख मी मुद्दाम गाळला, आणि तो गाळल्याचा अभिमान उराशी धरून घरी आलो! बाहेरचा प्रेक्षक उठून गेला होता. आतला मात्र आपल्या जागी बसून होता. डावा हात म्हणजे कदाचित हाच आतला प्रेक्षक असावा.

मग हेतू निर्मळ होईपर्यंत हात आखडून बसावे काय? भूक तोवर थांबत नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्याने देऊन साहाय्य मागितले, तेव्हा कोठे १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला आणि पुणे जिल्ह्यातील केडगावचे 'मुक्ती' नावारूपास आले. एवढे कार्य लपूनछपून झालेच नसते. सत्कृत्य दिसावे असे ज्या वचनात म्हटले आहे, त्याच वचनात त्याचे कारणही दिले आहे: पाहणाऱ्याने गौरव करावा तो देवाचा. दिवा उंचावर ठेवायचा तो उजेडासाठी; दिवा धरणाऱ्याचे मुख उजळावे म्हणून कोणी ठेवीत नाही.

पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे चित्र आहे. तुम्ही मला जेवू घातले, असे राजा नीतिमानांना म्हणतो. ते चकित होऊन विचारतात, केव्हा? त्यांनी राजा पाहिलाच नव्हता; पाहिला होता तो एक भुकेला माणूस. पावती त्यांनी कोणाकडे मागितलीही नव्हती.

नम्रता अशीच येत असावी. समोरच्या माणसाकडे पाहता पाहता स्वतःकडे पाहायचे राहून जाते.