माझा पॅटर्न

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि रेंज येत नाही म्हणून हे लेखी रूप वाचणाऱ्यांनाही. तिकडे एटापल्ली-भामरागडकडून वाचणारे बरेच आहेत हे मला माहीत आहे, त्यामुळे एपिसोड टाकला की दुसऱ्या दिवशी मी हे टाईप करून ठेवते. बोलताना घसरते तशीच इथंही घसरेन, सांभाळून घ्या.

आजचा विषय ह्युमन डिझाइन. रील्समध्ये तुम्ही पाहिलंच असेल. मांडी घालून बसलेल्या माणसाची आकृती, तिच्यात त्रिकोण, चौकोन, काही रंगवलेले, काही पांढरे, आणि मधून नळ्यांसारख्या रेषा. खाली लिहिलेलं असतं, 'मी प्रोजेक्टर आहे, म्हणून मी थकते.' हे वाचून मी रात्री दीड वाजता मोबाईल छातीवर ठेवून रडले होते. खोटं नाही सांगत.

२०२३ ची गोष्ट आहे. मी गडचिरोलीत खोली करून राहत होते, दिवसभर अभ्यासिकेत, आणि पहाटे पाचला रनिंग. वनरक्षक भरतीची तयारी. मुलींना तीन किलोमीटर धावायचं असतं, मुलांना पाच. आमच्या ग्रुपमध्ये सात मुली होत्या आणि मी सगळ्यात मागे. एक किलोमीटरनंतर छाती धडधडायची, पायात गोळे यायचे, डोळ्यापुढे काजवे. घरी फोन केला की बाबा म्हणायचे, जेवत नाहीस. रूममेट म्हणायची, मनावर घेत नाहीस. मलाही तेच वाटायला लागलं होतं की आपण मुळातच आळशी आहोत.

अशा वेळी कुणीतरी सांगितलं की तू आळशी नाहीस, तुझी ऊर्जाच वेगळी आहे, तर काय होईल?

आधी ही पद्धत नेमकी काय म्हणते ते सांगते, कारण तिची टिंगल करणं सोपं आहे आणि मला ती करायची नाही. अ‍ॅलन रॉबर्ट क्राकोवर नावाचा कॅनडाचा माणूस. स्पेनच्या इबिझा बेटावर राहत होता. जानेवारी १९८७ मध्ये आपल्याला आठ दिवस एक आवाज ऐकू येत होता आणि त्या आवाजानं हे सगळं शिकवलं, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं स्वतःचं नाव रा उरु हू ठेवलं. २०११ मध्ये तो वारला. पद्धत म्हणजे मिसळ आहे: पाश्चात्त्य ज्योतिष, चिनी आय चिंगची ६४ चिन्हं, ज्यूंच्या कबालामधला वृक्ष, आणि आपली चक्रं. फक्त आपली सात, त्याची नऊ.

जन्मतारीख, जन्मवेळ आणि ठिकाण टाकलं की चार्ट निघतो. एक हिशेब जन्माच्या क्षणाचा आणि दुसरा त्याआधी सूर्य ८८ अंश मागे होता त्या क्षणाचा, म्हणजे साधारण तीन महिने आधीचा. आईच्या पोटात असतानाचा. कुठले ग्रह ६४ पैकी कुठल्या 'गेट'मध्ये होते त्यावरून नऊ केंद्रांपैकी कुठली रंगतात, कुठली पांढरी राहतात ते ठरतं. रंगीत म्हणजे तिथं तुमची स्वतःची, कायमची ऊर्जा. पांढरं म्हणजे तिथं तुम्ही दुसऱ्यांची ऊर्जा ओढून घेता. यातून माणसांचे पाच प्रकार. जनरेटरकडं कामाची अखंड मोटर असते, त्यानं समोर आलेल्या गोष्टीला पोटातून 'हं' किंवा 'अंहं' येतंय ते ऐकायचं. (आमच्या आजीचं अर्धं बोलणं 'हं' आणि 'अंहं' मध्येच व्हायचं. ती पक्की जनरेटर.) मॅनिफेस्टिंग जनरेटर त्याचाच घाईतला भाऊ. मॅनिफेस्टरनं स्वतः सुरुवात करायची, फक्त लोकांना आधी सांगायचं. रिफ्लेक्टर फार थोडे, त्यांनी मोठ्या निर्णयाआधी चंद्राची एक फेरी होईपर्यंत थांबायचं. आणि प्रोजेक्टर, म्हणजे मी. प्रोजेक्टरकडं मोटर नसते. त्यानं दिवसभर राबू नये, इतरांना वाट दाखवावी, आणि मुख्य म्हणजे आमंत्रण येईपर्यंत वाट पाहावी. न बोलावता गेला तर वाट्याला कडवटपणा येतो.

कडवटपणा! हा शब्द वाचून मी हललेच. होता ना माझ्यात. सहा मुली पुढं पळताहेत आणि एकही मागं वळून बघत नाही, याचा कडवटपणा होता.

मग मी पैसे भरून ऑनलाइन सेशन घेतलं. कुणाकडं ते सांगणार नाही, ती बाई बोलायला फार चांगली होती. तासभर तिनं माझं ऐकलं. तोवर आयुष्यात कुणी माझं सलग तासभर ऐकलं नव्हतं, हेही तितकंच खरं. तिनं सांगितलं, तुझं खालचं केंद्र पांढरं आहे, ग्राउंडवर तू दुसऱ्यांच्या ऊर्जेवर पळतेस आणि मग कोसळतेस. शरीरावर जबरदस्ती करू नकोस. योग्य संधी तुला बोलावेल.

मी पहाटेचं रनिंग बंद केलं. जून महिन्यात भरतीचे फॉर्म सुरू होते. मी भरला नाही. आमंत्रणाची वाट पाहत होते. सरकारची जाहिरात म्हणजे आमंत्रणच की, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता हसू येतं, तेव्हा मात्र फॉर्मची तारीख गेली त्या संध्याकाळी मला चक्क हलकं वाटलं होतं.

पुढं जे झालं ते जन्मवेळेवरून झालं.

माझं गाव सिंदेवाही तालुक्यात. वैनगंगेच्या अलीकडं, चंद्रपूर जिल्ह्यात. माझा जन्म घरीच झाला, जुलै महिन्यात, रोवणी चालू असताना. दाखल्यावर तारीख आहे, वेळ नाही. चार्टसाठी मी बाबांना विचारलं होतं, ते म्हणाले दिवेलागणीला. मी संध्याकाळचे सात टाकले. जुलैत घरी गेले तेव्हा सहज आईला विचारलं. ती म्हणाली, "काय दिवेलागण? रोवणीवाल्या बाया जेवून घरी गेल्या होत्या. लाइन नव्हती." म्हणजे साडेनऊ तरी. मी तिथंच अंगणात बसून साडेनऊ टाकून पाहिलं. जनरेटर!

असं कसं होतं याचा हिशेब मी नंतर केला, तुम्हीही करा, सोपा आहे. वर्तुळाचे ३६० अंश, गेट ६४, म्हणजे एक गेट साडेपाच अंशांपेक्षा थोडं मोठं. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश सरकतो, म्हणजे एक गेट दहा-साडेदहा तासांत ओलांडतो. तुमच्या जन्माच्या वेळी चंद्र गेटच्या काठावर असेल तर अर्ध्या तासानंही केंद्र रंगतं किंवा पुसलं जातं. शहरातल्या दवाखान्यात जन्मलेल्याकडं निदान मिनिटापर्यंतचा कागद असतो. आपल्याकडं 'गायी आल्या तेव्हा', 'मोहफूल वेचून आले तेव्हा'. या पद्धतीत आपल्या दोन जिल्ह्यांतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना प्रकारच मिळणार नाही.

कुणी म्हणेल, वेळ बरोबर असती तर चार्टही बरोबर आला असता. त्यावर एक आपल्याच महाराष्ट्रातला प्रयोग सांगते. तो ह्युमन डिझाइनवर नाही, जन्मपत्रिकेवर आहे, पण मुळातला दावा एकच, जन्माचा क्षण कळला की माणूस कळतो. २००८ मध्ये जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. १०० अभ्यासात हुशार असलेल्या मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांनी फक्त इतकंच सांगायचं की कुठली कुणाची. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण आलं सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आलं असतं.

मग ते वर्णन मला इतकं तंतोतंत का लागू पडलं? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना 'हे खास तुमचं वर्णन' म्हणून कागद दिले आणि किती जुळतं त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी चारच्या वर गेली. कागद सगळ्यांना एकच दिला होता. वाक्यं त्यानं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. आमच्या अभ्यासिकेत 'तुला कुणी ओळखलं नाही, तू आतून थकलेली आहेस' असं लिहून भिंतीवर लावलं तर चाळीसच्या चाळीस जण म्हणतील, हे माझंच आहे.

असो. त्या दिवशी अंगणात माझी मावशी पण होती. ती आशा वर्कर आहे. मी तिलाच विचारलं, तुमच्या फॉर्मवर बाळाची जन्मवेळ असते ना? तर म्हणाली, "असते ना. पण तुले टाईम कायले पायजे?"

म्हटलं, एनर्जी पाहायला.

"आमी टाईम लिवतो तं बाळाले एका तासाच्या आत अंगावर पाजलं का नाई, ते पाहाले." असं म्हणून तिनं माझी हनुवटी धरली, खालची पापणी ओढली आणि उजेडाकडं तोंड फिरवलं. "पांढरं फट्ट हाये. तुह्या अंगात रगतच नाई, एनर्जी कुठून येईन?"

दुसऱ्या दिवशी तिनं मला ग्रामीण रुग्णालयात नेलं. हिमोग्लोबिन ८.६. बाईमाणसाचं १२ तरी पाहिजे. आणि त्याच महिन्यात, १ जुलै २०२३ ला, मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं होतं, म्हणून सिकलसेलची तपासणी पण करून टाकली. ती पाहायला भारी असते. द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीच्या मागं रेषा ओढलेला कागद धरतात. रेषा दिसल्या तर निगेटिव्ह. माझ्या नळीत गढूळ झालं, रेषा दिसेनाशा झाल्या. मग पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस. रिपोर्टवर दोन अक्षरं आली: एएस पॅटर्न.

हा शब्द आपल्याकडं कुणाला नवीन नाही. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. माझ्या शाळेत एक मुलगा होता, सारखा बाकावर डोकं टेकून असायचा. थंडी पडली, पावसात भिजला की हातपाय दुखून महिना महिना गैरहजर. त्याला कामचोर म्हणायचे, आम्ही पण म्हणायचो. तो एसएस होता हे त्यानं शाळा सोडल्यावर कळलं. त्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या आणि बारीक नसांमध्ये अडकायच्या. त्याची ऊर्जा खरोखरच वेगळी होती, आणि त्याच्यासाठी कुणी रील बनवलं नव्हतं.

माझ्या बाबतीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की थकव्याचं कारण एएस नाही. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. थकवा लोह कमी असल्यामुळं. गोळ्या दिल्या, वर लिंबू घे, चहासोबत घेऊ नको, संडास काळी होईल, घाबरू नको. मी विचारलं, धावू का? ते म्हणाले धाव, फक्त आधी रक्त वाढू दे, भरपूर पाणी पी, भर उन्हात जीव तोडून पळू नको. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं आणि मी पहिल्यांदा न थांबता तीन किलोमीटर पळाले. ग्रुपमधल्या दोघी तोवर नोकरीच्या यादीत होत्या. त्याचं वाईट वाटतं. अजूनही वाटतं.

सेशनवाल्या बाईला मी नवी जन्मवेळ कळवली होती. तिचं उत्तर आलं की मग चार्ट नव्यानं वाचावा लागेल, फी निम्मी. मी घेतलं नाही. पण प्रामाणिकपणे सांगते, 'तू आळशी नाहीस' हे वाक्य मला पहिल्यांदा तिच्याकडून मिळालं, आणि ते बरोबर होतं. कारण चुकीचं होतं.

आणि तो एएस पॅटर्न धावण्यात आडवा येत नसला तरी दुसरीकडं येतो. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी, पहिलं ठीक झालं म्हणून दुसऱ्याची खात्री नाही. म्हणून लग्नाआधी दोघांची कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघायची असतात. यात जन्मवेळ लागत नाही. थेंबभर रक्त लागतं, आणि सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत.

मागच्या महिन्यात मला एक स्थळ आलं, ब्रह्मपुरीकडचं. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर माझी पत्रिका मागितली, जन्मवेळेसकट. आईनं मला विचारलं, सात सांगू का साडेनऊ? मी माझ्या कार्डाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, मुलाच्या कार्डाचा पण पाठवा. निळ्या टिका आल्या. आज अकरा दिवस झाले, उत्तर नाही. बाबा माझ्याशी जरा घुश्शात आहेत, आई नाही. मावशीनं स्वतःच्या फोनवरून त्यांच्या गावच्या आशाताईला फोन लावलाय, त्या मुलाची तपासणी झाली नसेल तर निदान ती तरी होऊ दे म्हणून.

चला, थांबते. पहाटे पाचला ग्राउंड आहे.