नियंत्रणाचे खुले चक्र व बंद चक्र
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



यंत्रांचे नियंत्रण हा विषय अभियांत्रिकीच्या ग्रंथांत अवघड गणिताच्या सोबतीने येतो. परंतु त्यामागील मूळ कल्पना चौथीच्या मुलासही उमगावी इतकी सोपी आहे. तिचा विचार आपण गावातील पाण्याच्या टाकीपासून करू.

टाकी भरण्यासाठी पंप चालवावयाचा आहे. एक रीत अशी की, पंपास घड्याळाची कळ बसवावी. पहाटे पाचला पंप सुरू व्हावा आणि सहाला बंद पडावा. टाकी आधीच अर्धी भरलेली असो की तळापर्यंत कोरडी पडलेली असो, पंप तासभरच चालणार. एखादे दिवशी पाणी वाहून जाईल, एखादे दिवशी टाकी अपुरी राहील; घड्याळास मात्र दोहोंचाही पत्ता नसेल. दुसरी रीत अशी की, टाकीत एक पोकळ, तरंगणारा गोळा सोडावा. पाणी चढले की तो चढेल आणि ठरलेल्या पातळीस पोचताच पंप बंद करील. पाणी पुरेसे उतरले की पंप पुन्हा सुरू करील. आज गावास किती पाणी लागणार, हे त्यास आगाऊ सांगावे लागत नाही.

पहिल्या रीतीत आज्ञा जाते, परंतु परिणामाची वार्ता परत येत नाही. इंग्रजीत तिला ‘ओपन लूप’ म्हणतात. आपण खुले चक्र म्हणू. दुसऱ्या रीतीत परिणाम मोजला जातो, अपेक्षेशी ताडून पाहिला जातो आणि जो फरक आढळेल त्यानुसार पुढील कृती ठरते. हे ‘क्लोज्ड लूप’, म्हणजे बंद चक्र. परत येणाऱ्या वार्तेस प्रत्याभरण म्हणतात. मोजणे, ताडणे व सुधारणे ही तीन कामे मुलांकडून पाठ करून घेऊ नयेत. निरनिराळ्या वस्तूंत ती शोधावयास सांगावीत. विजेची स्वयंचलित इस्त्री तापली की तिच्यातील दोन धातूंची जोडपट्टी वाकून प्रवाह तोडते आणि निवली की पुन्हा जोडते. हे बंद चक्र. चौकातील दिवा रस्ता रिकामा असतानाही ठरल्या वेळेपर्यंत लालच राहत असेल, तर ते खुले चक्र.

या कल्पनेचे प्रसिद्ध उदाहरण जेम्स वॅट याच्या वाफेच्या यंत्रात सापडते. यंत्रावरील भार कमी झाला की ते भरधाव सुटे, भार वाढला की मंदावे. वॅटने १७८८ साली त्यास एक नियामक जोडला. फिरत्या दांड्यावर दोन जड गोळे टांगलेले असत. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि त्यांना जोडलेल्या दांड्या वाफेची झडप मिटवीत. वेग घटला की गोळे खाली येत व झडप उघडे. ही युक्ती पिठाच्या गिरण्यांत जात्यांसाठी पूर्वीपासून वापरात होती. वॅटने ती वाफेच्या यंत्रास लावली. आपल्याकडे पिठाच्या गिरणीस वा विहिरीवरील पंपास तेलाचे इंजिन लावीत, त्यातही तेलाचा पुरवठा कमीअधिक करणारा गव्हर्नर असे.

परंतु चक्र बंद केले म्हणजे सारे साधले, असे नव्हे. काही यंत्रांत नियामक बसविल्यावर वेग स्थिर न होता वरखाली हेलकावे खाऊ लागे. वार्ता पोचून झडप मिटेपर्यंत वेग फार वाढलेला असे. मग झडप गरजेहून अधिक मिटे व वेग फार घटे. नवखा सायकलस्वार डावीकडे कलला की हँडल जोराने वळवितो आणि दुसऱ्याच बाजूस जातो, तसाच हा प्रकार. असे हेलकावे केव्हा विरतील व केव्हा वाढत जातील, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६८ साली मांडले. म्हणजे वार्ता वेळेवर यावी आणि सुधारणा बेताची असावी, हे दोन्ही आवश्यक ठरते. तिसरी गोष्ट, वार्ता खरी असावी. टाकीतील गोळा तळाशी अडकून बसला, तर टाकी ओसंडून वाहिली तरी पंप चालूच राहील.

हे तत्त्व मुलांस मैदानावर दाखविता येते. एका मुलाचे डोळे बांधून त्यास वीस पावलांवरील खुणेकडे चालावयास सांगावे व कोणी काही बोलू नये. हे खुले चक्र. दुसऱ्या खेपेस दुसऱ्या मुलाने “डावीकडे, उजवीकडे” असे तत्काळ सांगत जावे. हे बंद चक्र. तिसऱ्या खेपेस सांगणाऱ्याने चूक दिसल्यावर मनात पाच अंक मोजून मगच बोलावे. तिन्ही खेपांच्या पाऊलवाटा चुन्याने आखल्या की तिसऱ्या वाटेची नागमोडी वळणे मुले स्वतःच दाखवितील. मॅक्सवेलचे गणित त्यांस पुढे केव्हा तरी भेटेल. त्याचा अर्थ मात्र आजच भेटलेला असेल.

खुले चक्र सर्वत्र त्याज्य मानू नये. ते स्वस्त व साधे असते आणि परिस्थिती पालटत नसेल तेथे पुरेसे ठरते. शाळेची घंटा घड्याळ पाहून वाजते. पाठ संपला की नाही हे ती विचारीत नाही, आणि तिने विचारूही नये. परंतु वीज येताच आपोआप सुरू होणारा पंप विहिरीत पाणी आहे की नाही हे पाहत नसेल, तर तो कोरडा फिरून बिघडण्याचे भय असते. परिस्थिती पालटते तेथे वार्ता हवीच.

आणि वर्गाइतकी पालटती परिस्थिती दुसरी कोणती? हातच्याची वजाबाकी फळ्यावर शिकवून आपण विचारतो, “समजले का?” सारा वर्ग एका सुरात “हो” म्हणतो. तो होकार अडकलेल्या गोळ्यासारखा आहे. त्यावर विसंबून पाठ पुढे जातो. खरी वार्ता वार्षिक परीक्षेत मिळते, पण तेव्हा वर्ष सरलेले असते. त्यापेक्षा पाठ संपण्यापूर्वी एकच उदाहरण पाटीवर घालावे आणि सर्वांच्या पाट्या, विशेषतः मागच्या ओळीतील, डोळ्यांखालून घालाव्यात. चूक दिसली तर सारा पाठ उलथून टाकू नये. जेथे अडले तेथेच हात द्यावा. यास पाच मिनिटे लागतात. जे मूल दोन वर्षे हातचा न समजताच पुढे ढकलले जाते आणि अखेर आपल्यास गणित येतच नाही अशी समजूत करून घेते, त्याच्यासाठी ही पाच मिनिटे फार मोलाची आहेत.