आक्रमक राष्ट्राची हकालपट्टी : शिक्षा की बहिष्कार?



गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. आक्रमण करणाऱ्या राष्ट्राला आंतरराष्ट्रीय संघटनेतून काढून टाकणे ही कायदेशीर शिक्षा ठरू शकते काय, हा आजचा विषय. हुबळी-धारवाडच्या श्रोत्यांना तो जिनिव्हा-न्यूयॉर्ककडचा, दूरचा वाटेल. परंतु हुबळीहून निघालेली आगगाडी लोंढा, कॅसलरॉक ओलांडून ज्या गोव्यात उतरते, त्या गोव्यापायी आपल्याच देशावर एकदा आक्रमणाचा आरोप ठेवला गेला होता.

वाळीत टाकणे आपल्या समाजाला नवे नाही. पंचांनी ठरवावे आणि एखाद्या घराचे पाणी, अग्नी, रोटीबेटी बंद व्हावी. धारवाड जिल्हा मुंबई राज्यात असताना १९४९ साली त्या राज्याने बहिष्काराला मनाई करणारा कायदा केला. पुढे १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मसंप्रदायांच्या स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्दबातल ठरविला. तो वाद निराळा. मला एवढेच दाखवायचे आहे की, गुन्हा कोणता हे आधी ठरलेले नसेल आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकले जात नसेल, तर त्या कृतीला शिक्षा म्हणता येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाच्या करारात सोळाव्या कलमान्वये हकालपट्टीची तरतूद होती. ती एकदाच वापरली गेली. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला आणि १४ डिसेंबरला त्याचे सदस्यत्व संपुष्टात आणले गेले. रशियाने म्हणणे मांडण्याचे निमंत्रण नाकारले होते, त्यामुळे निर्णय अन्यायाचा होता असे मी म्हणणार नाही. पण मांचुरिया गिळणारा जपान आणि ॲबिसिनियावर चालून गेलेली इटली यांना कोणी बाहेर काढले नव्हते. ते आपल्या पायांनी बाहेर पडले. फिनलंडलाही लाभ झाला नाही. मार्च १९४० च्या तहात त्याला मुलूख सोडावाच लागला.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत पाचव्या कलमात निलंबन आणि सहाव्यात हकालपट्टी आहे. दोन्हींसाठी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते आणि तेथे पाच बड्या राष्ट्रांचा नकाराधिकार आडवा येतो. सहावे कलम आजवर एकदाही अमलात आलेले नाही.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. सनदेच्या ७३ व्या कलमानुसार वसाहतींची माहिती देणे बंधनकारक होते; पोर्तुगालचे उत्तर असे की, आमच्या वसाहतीच नाहीत, ते आमचे सागरापलीकडील प्रांत आहेत! आमसभेने १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात हा दावा फेटाळला. त्या यादीत गोवाही होता. तरीही पोर्तुगाल जागचा हलला नाही आणि त्याची खुर्चीही हलली नाही.

अखेर डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावात जमलेले आपले सैन्य पुढे सरकले. १८ तारखेला पोर्तुगालच्या तक्रारीवरून सुरक्षा परिषद भरली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताच्या बलप्रयोगाबद्दल खेद व्यक्त करणारा, युद्धबंदीची आणि सैन्य माघारीची मागणी करणारा ठराव मांडला. बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक आपल्या बाजूने उभे राहिले. ठराव मात्र कोसळला तो सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने. १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.

त्या दिवशी हकालपट्टीची भाषा कोणी केली नव्हती, हे खरे. तरी विचार करा : आक्रमण म्हणजे काय याची मान्य व्याख्याच तेव्हा अस्तित्वात नव्हती. ती आमसभेने १४ डिसेंबर १९७४ रोजी स्वीकारली (या तारखेचा आंतरराष्ट्रीय कायद्याशी काही ऋणानुबंध असावा!) आणि तिच्या सातव्या कलमात वसाहतींतील जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क राखून ठेवला. सतराच दिवसांनी, ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने तह करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. व्याख्येआधी शिक्षा झाली असती, तर तिला कोणता आधार राहिला असता?

गोव्याच्या या अनुभवामुळे आपण प्रत्येक वेळी तटस्थ राहावे, असे मात्र मला वाटत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. ७ एप्रिलला आमसभेने ९३ विरुद्ध २४ मतांनी रशियाला मानवी हक्क परिषदेतून निलंबित केले. ५८ राष्ट्रे अलिप्त राहिली, त्यांत भारत होता. योग्य प्रक्रियेचा भारताचा मुद्दा मला पटतो. पण प्रक्रिया कशी असावी हे सांगण्याची जबाबदारीही त्याबरोबर येते, आणि ती आपण पार पाडली नाही.

त्याआधी, १६ मार्चला, युरोप परिषदेने रशियाला पूर्णपणे बाहेर काढले होते. परिणाम काय झाला? १६ सप्टेंबर २०२२ नंतरच्या अन्यायासाठी रशियन नागरिकाला स्ट्रासबूरच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागता येईना. ज्याने युद्ध पुकारले त्याला त्या न्यायालयाची अडचणच होती. आधार होता तो तुरुंगात पडलेल्या विरोधकाला. हकालपट्टीने राष्ट्राचे हक्क जातात तशी बंधनेही जातात, ही गोष्ट कायदेपंडितांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी होती.

म्हणून माझा कौल निलंबनाला आहे. मतदान जावे, पदे जावीत. करार आणि न्यायालये यांची बंधने राहावीत. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आक्रमणाचे नसून वर्णभेदाचे, तरी ते येथे उपयोगी पडते. तिच्याविरुद्ध पहिली तक्रार १९४६ साली भारतानेच नेली होती. ऑक्टोबर १९७४ मध्ये तिच्या हकालपट्टीचा ठराव अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या नकाराधिकाराने अडला. तेव्हा १२ नोव्हेंबरला आमसभेचे अध्यक्ष, अल्जीरियाचे बुतफ्लिका, यांनी अधिकारपत्रे नामंजूर झाल्याचे कारण देऊन तिच्या प्रतिनिधींना कामकाजातून दूर ठेवले. कायद्याच्या दृष्टीने ही पळवाटच होती आणि तिच्यावर टीकाही झाली. परंतु सदस्यत्व शाबूत राहिले होते. त्यामुळे १९९४ साली निवडणुकांनंतर लोकनियुक्त सरकारचे प्रतिनिधी आले तेव्हा प्रवेशासाठी नवा अर्ज करावा लागला नाही. ते सरळ जाऊन आपल्या जागेवर बसले.