सू बार्टनची ड्युटी

मान्यवर, पालक आणि आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

आज तुमच्यासमोर मी एका परिचारिकेचं नाव घेणार आहे. हेलन डोअर बॉईलस्टन. जन्म १८९५, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शिकून १९१५ साली त्या बाहेर पडल्या आणि पहिल्या महायुद्धात थेट फ्रान्समधल्या लष्करी इस्पितळात रुजू झाल्या. तिथली त्यांची रोजनिशी १९२७ मध्ये पुस्तकरूपाने आली. पण त्यांचं नाव झालं ते १९३६ पासून लिहिलेल्या सात कादंबऱ्यांमुळे. सू बार्टन ही त्यांची नायिका.

मुलींसाठीच्या या गोष्टींत नोकरी ही नुसती पार्श्वभूमी नाही, नोकरी हीच गोष्ट आहे. सूच्या काळजाचे ठोके वाढतात ते वॉर्डात, कडक शिस्तीच्या शिक्षिकेसमोर. हे लिहिणाऱ्या बाईंनी स्वतः रात्रपाळ्या काढल्या होत्या, आणि ते पानापानावर जाणवतं.

तिसऱ्या पुस्तकात सू न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंटमध्ये जाते. ही संस्था खरीखुरी. लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत हे काम सुरू केलं. तिथल्या परिचारिका बॅग घेऊन घरोघर जात. दर इमारतीचे जिने उतरून पुन्हा चढण्यापेक्षा त्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जात आणि तिथून पुढच्या रुग्णाकडे उतरत. लांब स्कर्ट, हातात बॅग, दोन गच्च्यांमधली ती भिंत ओलांडणारी बाई डोळ्यांसमोर आणा. ती कामावर आहे.

बिल हा डॉक्टर सूशी लग्न करायला उत्सुक असतो, तरी ती आधी हे काम करून पाहते. पुढे लग्न होतं, मुलं होतात. मधली काही पानं मला फिकी वाटतात, कारण सू घरात असते आणि तिचं कसब रिकामं बसतं. शेवटच्या, १९५२ च्या पुस्तकात बिलला क्षय होतो आणि सू पुन्हा इस्पितळात रुजू होते. तिथे लेखणीला पुन्हा जोर येतो.

आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने पुण्यात मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससूनमध्ये पाठवलं, तेव्हा घराघरांतून विरोध झाला. त्यातल्या एखादीच्या पहिल्या नाईट ड्युटीची कादंबरी वाचायला मी आजही आतुर आहे. ती बाहेरच्या लेखकाला जमणार नाही. सलाईन लावताना न सापडणारी शीर, पहाटे चारची झोप, सकाळच्या सिस्टरना रिपोर्ट देताना आठवलेली एक राहिलेली नोंद, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझा पत्ता प्राचार्यांकडे ठेवला आहे. तुमच्यापैकी कोणी लिहायला घेतलं, तर पहिलं प्रकरण कच्चं असलं तरी मला पाठवा. मी वाचेन आणि उत्तर लिहीन.