घरचे बी

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी शिक्षण, शिष्यवृत्त्या आणि वधूवर यांविषयी विचार मांडले जातात, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी आपले लक्ष एका साध्या वस्तूकडे वेधणार आहे. ती वस्तू म्हणजे पेरणीचे बी. आपली बिऱ्हाडे मुंबई-पुण्यास असली, तरी कोकणात वडिलोपार्जित जमिनीचा एखादा तुकडा नाही अशी कुटुंबे या सभागृहात थोडीच असतील. तेव्हा हा विषय आपण परका मानू नये, अशी विनंती आहे.

आपल्या वाडवडिलांची भातशेती एकाच वाणावर कधी विसंबून नव्हती. उंचावरच्या जमिनीत लवकर पिकणारे हळवे भात, मधल्या खाचरांत निमगरवे आणि पाणी साचून राहणाऱ्या सखल मळ्यात उशिरा पिकणारे गरवे, अशी वाटणी असे. पटणी, कोळंबा, झिनिया ही नावे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. पाऊस लवकर आटोपला तर हळवे हाती लागे. तो रेंगाळला तर गरवे तारून नेई. खाडीकाठच्या खार जमिनीसाठी काळा राता, भुरा राता असे खारे पाणी सोसणारे वाण होते. गोव्याच्या खाजन शेतीत कोरगुट हे भात तेच काम करते. आज ज्यास जैवविविधता असे भारदस्त नाव मिळाले आहे, ती आपल्या घरी माळ्यावर पेंढ्याच्या मुड्यांत बांधून ठेवलेली असे.

येथे माझ्याच घरचा दोष सांगितला पाहिजे. आमची शेती खाडीलगतची. माझी आजी दरवर्षी तांबड्या भाताचे बी निवडून, वाळवून, मुड्यात बांधून ठेवी. तिच्या पश्चात आम्हांस तो तांबडा भात पाहुण्यांच्या पानात वाढावयास कमीपणाचा वाटू लागला. आम्ही पांढऱ्या, अधिक उतार देणाऱ्या भाताचे बी विकत आणले आणि काही वर्षे आमचे बरेच चालले. पुढे एका पावसाळ्यात उधाणाने बांध फुटला, शेतात खारे पाणी शिरले आणि उभे पीक करपले. तेव्हा माळ्यावरच्या मुड्याची आठवण झाली. तो सोडून पाहिला तो दाण्यांचे पीठ झालेले! एक दाणाही रुजला नाही. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने मात्र आपला तांबडा राता सोडला नव्हता. त्या वर्षी त्याच्या घरी भात आले, आणि पुढच्या पेरणीस आम्ही त्याच्याच दारी बी मागावयास गेलो.

हा प्रसंग एका घराचा झाला. आयर्लंडमध्ये 1845 साली बटाट्यावर करपा पडला, तेव्हा तेथील गोरगरीब जनता प्रामुख्याने 'लंपर' या एकाच वाणावर जगत होती. एक कंद बळी पडला म्हणजे सारेच पडणार, अशी स्थिती होती. पुढील काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसे उपासमारीने व रोगराईने दगावली. त्या अनर्थास राज्यकर्त्यांची अनास्थाही कारण होती, हे खरे. परंतु एकाच वाणावर सारी भिस्त ठेवणे किती घातक असते, हे त्यावरून कळते.

माझे म्हणणे सुधारित बियाण्यांच्या विरुद्ध आहे, असा गैरसमज कृपा करून होऊ देऊ नये. परदेशी गव्हाच्या जहाजांची वाट पाहण्याचे दिवस या देशाने 1960 नंतरच्या दशकात पाहिले आहेत, आणि नव्या बियाण्यांनी आपणांस त्या लाचारीतून सोडविले आहे. परंतु या नव्या बियाण्यांचा आधारही जुनेच बी आहे. आशियातील नव्या भातांवर खुजेपणा आणणारा एक विषाणुरोग पसरला, तेव्हा फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. त्या रोगास दाद न देणारा गुण सापडला तो आपल्या उत्तर प्रदेशातून गेलेल्या एका रानटी भातात. त्याच्याशी संकर करून रोगास तोंड देणारी भाते तयार झाली, आणि 1976 साली प्रसृत झालेले 'आयआर 36' हे त्यांतीलच होय. ज्यास कोणी तण म्हणून उपटून टाकले असते, त्याने कोट्यवधींचे अन्न राखले.

बी राखणे हे केवळ शास्त्रज्ञांचे काम आहे, असेही नव्हे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे या आदिवासी भगिनींस शाळेचे शिक्षण लाभले नाही. परंतु त्यांनी गावठी भाज्या, कडधान्ये व भात यांचे बी घरोघर हिंडून जमविले, स्वतः लावून वाढविले आणि इतरांस वाटले. 2020 साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. आपणांपैकी पदवीधरांची संख्या मोठी आहे. परंतु या एका बाबतीत आपण त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसावे, असे मला वाटते.

आता कर्तव्याचा विचार. बी तिजोरीत ठेवून टिकत नाही. कोकणच्या दमट हवेत भाताचे बी एकदोन वर्षांत आपली उगवणशक्ती गमावते. ते दरवर्षी मातीत गेले पाहिजे. तेव्हा तीन गोष्टी सुचवितो. येत्या सुटीत गावी जाल तेव्हा घरातील वृद्ध स्त्रियांस व जमीन कसणाऱ्या मंडळींस विचारून जुन्या वाणांची नावे, त्यांची जमीन व पिकण्याचा काळ लिहून आणावा. ज्यांची जमीन आहे त्यांनी निदान एक गुंठा तरी जुन्या वाणासाठी राखावा. आणि जो शेतकरी असे भात पिकवितो, त्याचा तांदूळ योग्य भाव देऊन विकत घ्यावा, कारण जे ताटात राहते तेच शेतात राहते. तिसरी गोष्ट, पुढील संमेलनात हळदीकुंकवाबरोबर बियाण्यांची देवघेवही व्हावी. आपले घरचे बी राखण्याचा व परस्परांस देण्याचा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या कायद्याने मान्य केलेला आहे.

शेवटी एकच निवेदन. हे बी आपल्या घरी होते, तरी ते केवळ आपले नव्हते. नांगर धरणाऱ्या कुळांनी आणि लावणीत कंबर वाकविणाऱ्या स्त्रियांनी ते निवडले आणि जोपासले. म्हणून ही देवघेव ज्ञातीच्या उंबरठ्याशी थांबवू नये. मागावयास येईल त्यास ओंजळभर बी द्यावे. ज्याच्या घरी दिले, त्याच्याच घरून एखाद्या वाईट वर्षी ते आपणांस परत मिळणार आहे. माझ्या घरी ते तसेच परत आले.