‘अब्बा’ या शब्दापाशी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहितो, पण घर चाललं ते भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरवर. कारखान्यात माणसाचं नाव फाटकापर्यंतच असतं. आत गेलं की टोकन नंबर. हजेरी नंबराची, ओव्हरटाइम नंबराचा, मेमोही नंबरालाच.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या प्रेस शॉपमध्ये एक ऑपरेटर होता. मूळचा नगर जिल्ह्यातला, दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकाच बाकावर डबा उघडायचो. मी मनातल्या मनात ‘बिस्मिल्लाह’ म्हणायचो, तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. एक दिवस माझ्या कानावर पडलं. मुलीचा ताप उतरला, घरभाडं थकलंय, नवी डाय नीट बसत नाही, असं सगळं तो देवाला सांगत होता.

मी म्हटलं, “अरे, ही प्रार्थना आहे की गप्पा?”

तो हसला. म्हणाला, “दोन्ही एकच की, भाई.”

“एवढ्या मोठ्या देवाला तुझ्या घरभाड्याशी काय देणंघेणं?”

“त्यालाच माझ्याशी बोलायचं असतं. मी नुसता ‘ओ’ देतो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माणसाला देव हवा असतो, हे लहानपणापासून ऐकलं होतं. देवाला माणूस हवा असतो, हे मी असं सरळ पहिल्यांदा ऐकलं. त्यानंच मला मराठी ‘नवा करार’ वाचायला दिला आणि लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढून ठेवला.

त्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या तीन गोष्टी आहेत. शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकाच्या मागे जातो. एका बाईचं नाणं हरवतं आणि ती दिवा लावून घर झाडून काढते. तिसरी उधळ्या मुलाची. तो वाट्याची इस्टेट घेऊन परमुलखात जातो, सगळं उडवतो आणि दुष्काळात डुकरं राखायची वेळ त्याच्यावर येते. मग तो मनाशी ठरवतो, की बापाला सांगायचं, मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी उरली नाही, मला तुमच्या मजुरांत ठेवा.

कारखान्यात काम करणाऱ्यानं ही गोष्ट वाचली, की तो ‘मजूर’ या शब्दाला अडखळतो. मुलगा बापाकडे मुलगा म्हणून परतत नाही, रोजंदारी मागायला परततो. पण बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत सुटतो. त्या काळी घरातल्या वडीलधाऱ्यानं असं धावणं शोभत नसे. मुलाचं पाठ केलेलं बोलणं तो पुरतं होऊ देत नाही. मजुरीचा विषय निघायच्या आतच अंगावर झगा आणि बोटात अंगठी येते.

ख्रिस्ती श्रद्धेचं मर्म मला या जागी दिसलं. देवाला कशाचीच कमतरता नाही, असं ख्रिस्ती धर्मही मानतो. तेव्हा त्याला माणूस हवा असतो तो गरजेपोटी नव्हे, प्रेमापोटी. आपण धर्माचा हिशेब बहुधा मस्टरसारखा ठेवतो. इतकं काम, इतका पगार. इथे देव म्हणतो, मला कामगार नको, मूल हवं. आणि पहिलं पाऊल तो स्वतः टाकतो. यालाच ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात.

पुढे मार्कच्या शुभवर्तमानात एका शब्दापाशी मी थांबलो. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो आणि देवाला हाक मारतो, ‘अब्बा’. हा शब्द त्याच्या अरामी बोलीतला, अर्थ बाप. श्रोतेहो, आमच्या घरात वडिलांना अब्बाच म्हणतात. सायकलवरून दमून येणाऱ्या माझ्या बापाला मी ज्या शब्दानं हाक मारली, तोच शब्द तिथे देवासाठी होता.

इथे मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. मी मुसलमान आहे. आम्ही स्वतःला अल्लाहचे बंदे, म्हणजे सेवक म्हणवतो आणि त्यातच आमचा मान मानतो. अल्लाहची नव्याण्णव नावं सांगतात, त्यांत ‘बाप’ नाही. तो गळ्याच्या शिरेपेक्षा जवळ आहे, अशा अर्थाचं वचन कुराणात आहे. बंदा चालत आला तर अल्लाह धावत येतो, या आशयाची हदीस माझी आजी सांगायची. धावत येणारा देव म्हणून मला परका नव्हता. पण देव माणूस झाला, येशूच्या रूपानं क्रुसावर मेला आणि तुटलेलं नातं त्यानं स्वतः जोडलं, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. तिथवर मी जात नाही. नाही जात, हे माझा मित्रही जाणून होता. म्हणून आमचा डबा वेगळा झाला नाही.

मराठी माणसाला हे नातं समजायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या तळवड्याचे कारखाने ओलांडले की देहू येतं. तिथल्या तुकोबांनी विठ्ठलाला आई म्हटलं आणि त्याच्याशी हक्कानं भांडणही केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताच्या पायांशी आलो. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर त्यांनी ख्रिस्तावर अभंगही रचले.

पण या नात्याची किंमत घरच्या माणसांनी मोजली. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ती लिहून ठेवली आहे. नवरा ख्रिस्ती झाला आणि ही बाई सोवळ्याओवळ्यात वाढलेली, पदरात लहान मूल. जवळजवळ पाच वर्षं नवराबायको वेगळी राहिली. पुढे त्या टिळकांकडे गेल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवलं. जात देवानं केली की माणसानं, याचा विचार त्यांच्या त्यांनी केला, सोवळं मनातून गेलं आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या निर्णयानं.

मला लक्ष्मीबाईंची ही वाट फार महत्त्वाची वाटते. देवाला प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे हवा असेल, तर नवऱ्याच्या मागोमाग, जमातीच्या मागोमाग ते नातं जुळत नाही. धाकानं नाही आणि आमिषानंही नाही. गोष्टीतला बाप मुलाला जाऊ देतो, त्याच्यामागे शिपाई पाठवत नाही. टिळकांनीही 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्ताचे भक्त तिथे एकत्र बसावेत, ही त्यांची इच्छा होती. 1919 साली ते वारले.

आता माझ्या मित्राची गोष्ट पुरी करतो. एका तिसऱ्या पाळीत पॉवर प्रेसमध्ये त्याचा डावा हात सापडला. दोन बोटं गेली. या पट्ट्यात असे हात पुष्कळ आहेत. दवाखान्यात गेलो तेव्हा खाटेच्या पाट्यावर त्याच्या नावाआधी कारखान्याचा नंबर लिहिलेला. मी रागातच होतो. विचारू नये ते विचारलं, “तुझ्याशी बोलणारा तो, त्या वेळी कुठे होता?”

बराच वेळ तो गप्प राहिला. मग पट्टी बांधलेला हात थोडा उचलून म्हणाला, “त्याच्याही हातांत खिळ्यांची भोकं आहेत, भाई. त्याला सांगावं लागत नाही.”

माझ्या प्रश्नाचं हे उत्तर झालं, असं मी म्हणणार नाही. गेलेली बोटं परत आली नाहीत आणि नुकसानभरपाईसाठी त्यानं फार हेलपाटे घातले. पण त्या वॉर्डात आपण एकटे नाही, आपल्याला नावानं ओळखणारं कुणी उशाशी बसलंय, या खात्रीनं तो शांत झोपला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या रात्री घरी इशाची नमाज झाल्यावर मी दुआसाठी हात उचलले. माझ्या पद्धतीनं, माझ्या अल्लाहकडे. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, घरच्यांच्या नावांबरोबर, त्याचं नाव घेतलं.