इंग्रजीचा अभ्यास आणि आईचे कान



शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, बी-बियाण्यासाठी गटातून कर्ज घ्यायची आपल्याला सवय आहे. अलीकडे मात्र बैठकीत एक नवी मागणी ऐकू येते. पोराच्या इंग्रजीसाठी टॅब घ्यायचा आहे, नाहीतर मोबाइलवरच्या इंग्रजीच्या कोर्सचा हप्ता भरायचा आहे. विकणारा माणूस दारात येतो, रंगीत चित्रं दाखवतो, "तीन महिन्यांत मुलगा फाडफाड इंग्रजी बोलेल" असं सांगतो. आईच्या मनात कालवाकालव होते. आपल्याला इंग्रजी येत नाही, निदान पोराला तरी यावं, असं वाटण्यात गैर काहीच नाही. पण पैसे आपल्या घामाचे आहेत. ते कशावर घालायचे हे ठरवण्याआधी या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी काय पाहिलंय, ते आज बघू.

सुरुवात रेडिओपासूनच करू, कारण आपण रेडिओवर बोलतोय. आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथे १९८० ते १९८५ या काळात पहिली ते तिसरीच्या मुलांना रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. रोज साधारण अर्ध्या तासाचा पाठ. त्या पाठांची खुबी अशी, की रेडिओ नुसता बोलत राहायचा नाही. तो प्रश्न विचारायचा आणि गप्प व्हायचा. त्या गप्प वेळेत मुलांनी मोठ्याने उत्तर द्यायचं. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा आणि पुढे जायचा. कधी मुलांनी उठून उभं राहायचं, कधी वस्तूकडे बोट दाखवायचं, कधी गाणं म्हणायचं. वर्गात शिक्षक असायचेच, ते मुलांकडे लक्ष ठेवायचे. या मुलांची इंग्रजी ऐकून समजण्याची आणि वाचण्याची तयारी इतर मुलांपेक्षा चांगली झाल्याचं दिसलं.

यातून काय घ्यायचं? रेडिओ तर साधंच साधन. त्याला पडदा नाही, चित्र नाही. तरी मुलं शिकली, कारण त्यांना तोंड उघडावं लागलं आणि शेजारी मोठं माणूस होतं. साधन महाग की स्वस्त, यापेक्षा ते मुलाला बोलायला लावतं का, हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. २०००-०१ या शाळेच्या वर्षापासून आपल्याकडे मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांनी 'प्रथम' या संस्थेने प्राथमिक शाळांसाठी इंग्रजीचा एक कार्यक्रम आखला. त्यात एक छोटं यंत्र होतं. मुलाने चित्रावर टोकदार काडी टेकवली की यंत्र त्या वस्तूचं इंग्रजी नाव बोलून दाखवायचं. त्याच्याच जोडीला चित्रांच्या कार्डांचे खेळ होते, ते शिक्षकांनी घ्यायचे. फांग हे, ली लिंडन आणि मार्गारेट मॅक्लाउड या अभ्यासकांनी हा कार्यक्रम तपासला आणि २००८ मध्ये आपला अहवाल मांडला.

त्यांना काय दिसलं, ते नीट ऐका. कार्यक्रमाने मुलांचं इंग्रजी सुधारलं. पण सगळ्यांचं सारखं नाही. जी मुलं आधीच पुढे होती, त्यांना नुसतं यंत्र चांगलं मानवलं. ती आपल्या वेगाने पुढे गेली. जी मुलं मागे होती, त्यांना शिक्षकांनी घेतलेल्या खेळांचा जास्त फायदा झाला. आणखी एक गोष्ट दिसली. शिकवलं इंग्रजी, पण गणितातही मुलं सुधारली, आणि विशेषतः जिथे वर्गातल्या नेहमीच्या शिक्षकांनी कार्यक्रम घेतला तिथे ते जास्त दिसलं.

म्हणजे बघा मैत्रिणींनो, विकणारा ज्या आईला गाठतो, ती बहुतेक मागे पडलेल्या मुलाची आई असते. "तुमचा मुलगा कच्चा आहे, त्याला हे घ्या," असं तो म्हणतो. आणि अभ्यास सांगतो, की कच्च्या मुलाला यंत्राच्या हवाली करून भागत नाही. त्याला माणूस लागतो. टॅब हातात देऊन आपण स्वयंपाकाला लागलो, तर हुशार पोर कदाचित शिकेल. अडखळणारं पोर मात्र दोन दिवस बोटं फिरवेल आणि तिसऱ्या दिवशी त्याच टॅबवर कार्टून लावेल.

आता तुम्ही म्हणाल, "माणूस लागतो खरा, पण आम्हालाच इंग्रजी येत नाही. आम्ही काय शिकवणार?" याचं उत्तर वर्गातल्या बोलण्याच्या अभ्यासात सापडतं. शिक्षक आणि मुलं वर्गात एकमेकांशी कसं बोलतात, यावर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्टहार्ड यांनी काम केलं. १९७५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. वर्गातल्या बोलण्याचा त्यांना एक ठरलेला साचा दिसला. शिक्षक विचारतात, मूल उत्तर देतं, शिक्षक "बरोबर" किंवा "चूक" म्हणतात. पुन्हा पुढचा प्रश्न. विचार, उत्तर, शेरा. जात्याच्या खुंट्यासारखं तेच ते फिरत राहतं.

यात वाईट काही नाही, पण यात मूल किती बोलतं? एखादा शब्द. प्रश्न कधीच विचारत नाही. मोबाइलवरची बरीच ॲप पाहिलीत तर तोच साचा दिसेल. चित्र येतं, मूल बोट लावतं, टिंग वाजतं, चांदणी मिळते. मूल दिवसभरात पन्नास चांदण्या गोळा करतं आणि पाहुण्यांनी इंग्रजीत नाव विचारलं की आईच्या पदराआड लपतं. कारण चांदणी मिळवणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहण्याची चित्रं बघून विहिरीत पोहता येत नाही, तसंच हे.

अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाई होत्या. १९७० च्या सुमारास त्यांनी वर्गांमधल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण करून ते तपासलं. त्यांना दिसलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात. मग दुसऱ्या मुलाला विचारतात, नाहीतर स्वतःच उत्तर सांगून टाकतात. हेच थांबणं तीन सेकंदांचं केलं, तर मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारतात. नुसतं तीन सेकंद थांबायचं! यासाठी ना इंग्रजी यावं लागतं, ना टॅब लागतो. आईला पातेल्यातल्या दुधाला उकळी येईपर्यंत थांबता येतं, तर तीन सेकंद का नाही थांबता येणार?

म्हणून मी म्हणते, इंग्रजी न येणारी आईसुद्धा इंग्रजीच्या अभ्यासाला बसू शकते. तिने शिकवायचं नाही, तिने शिकायचं. मुलाला म्हणायचं, "आज शाळेत काय शिकलास ते मला शिकव." मग थांबायचं. तो "कॅट म्हणजे मांजर" म्हणाला, तर "बरं, मग आपली मांजर काळी आहे, हे कसं म्हणायचं?" असं विचारायचं. आणि पुन्हा थांबायचं. त्याला येईल किंवा येणार नाही. नाही आलं तर "उद्या बाईंना विचारून ये आणि मला सांग" म्हणायचं. त्या तीन पायऱ्यांचा साचा इथे उलटा होतो. सांगणारं मूल होतं आणि विचारणारी आई होते. दुसऱ्याला समजावून सांगताना शिकलेलं पक्कं होतं, हा तर आपला रोजचा अनुभव आहे. सुनेला पापड लाटायला शिकवताना आपलाही हात सुधारतो.

आणखी एका गोष्टीचा धसका घरोघरी आहे. "घरात मराठी बोलतो म्हणून पोराचं इंग्रजी कच्चं राहतं." हे मनातून काढून टाका. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दोन भाषा शिकणाऱ्या मुलांवर बरंच काम केलंय. त्यांचं सांगणं आपल्या भाषेत असं मांडता येईल, की दोन विहिरी वेगळ्या दिसल्या तरी खालचा झरा एक असतो. गोष्ट समजून घेणं, कारण सांगणं, क्रमाने बोलणं हे मूल एका भाषेत शिकलं की दुसऱ्या भाषेत ते त्याच्या कामी येतं. म्हणून मुलाशी मराठीत भरपूर बोला, गोष्टी सांगा, वाचून घ्या. घरात अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, गोंडी, लमाणी जे बोलत असाल, त्यात बोला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही जिथे शक्य आहे तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असंच म्हटलंय.

आणि "आम्हाला इंग्रजी येत नाही" हेही पूर्ण खरं नाही. गटाच्या बैठकीत आपण काय काय बोलतो? बँक, पासबुक, चेक, फॉर्म, लोन, मीटर, पंप, बिल, रिचार्ज, ओटीपी, सिलिंडर, पेशंट, ऑपरेशन. हे सगळे शब्द इंग्रजीतून आलेत आणि आपण ते मराठीच्या पदराला बांधून टाकलेत. यांचा अर्थ मुलापेक्षा आपल्याला जास्त कळतो. खताच्या गोणीवर, औषधाच्या बाटलीवर, बिस्किटाच्या पुड्यावर इंग्रजी अक्षरं असतात. मुलाला म्हणा, "ही अक्षरं वाच, आणि यातला कोणता शब्द मला येतो ते मी सांगते." दोघांचा अभ्यास होतो.

आता एक जरा टोचणारी गोष्ट. घरात फोन एक आणि मुलं दोन. तो फोन कोणाच्या हातात जातो? 'असर' नावाचा शिक्षणाचा पाहणी अहवाल दरवेळी निघतो. २०२३ च्या पाहणीत खेड्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं गेलं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांतल्या जवळजवळ ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण सुमारे २० टक्के होतं. म्हणजे निम्म्याहूनही कमी. मुलगी फोन घेऊन बसली की "काय करतेस?" असा प्रश्न येतो. मुलगा बसला की "अभ्यास करतोय" असं आपणच सांगतो. घरात अभ्यासासाठी फोन वापरायचा असेल तर वेळ वाटून द्या. मुलाला अर्धा तास, मुलीलाही अर्धा तास, आणि दोघांनी आपल्यासमोर बसायचं. असं केलं की फोनवर काय चाललंय याची काळजीही कमी होते.

आता पुन्हा त्या कर्जाच्या मागणीकडे येऊ. बैठकीत अशी मागणी आली, तर तिला नको म्हणायचं की हो म्हणायचं, हे गटानेच ठरवायचं. फक्त पाच प्रश्न विचारून घ्या.

पहिला प्रश्न : यात मूल स्वतः तोंडाने बोलतं, की नुसतं बोट लावतं?

दुसरा : हे मुलाच्या शाळेच्या पुस्तकाशी जुळतं का? त्याच्या शाळेतल्या बाईंना किंवा सरांना दाखवलं का?

तिसरा : यात समजावून सांगणं मराठीत आहे का, की सगळंच इंग्रजीत आहे आणि मूल गोंधळून जाईल?

चौथा : नेट नसताना चालतं का? आणि पैसे एकदाच भरायचे की दर महिन्याला कापले जातात? मध्येच बंद करायचं झालं तर काय? हे तोंडी नको, कागदावर घ्या. सही करण्याआधी वाचून घ्या, ओटीपी कोणाला सांगू नका.

पाचवा : रोज त्याच्याजवळ कोण बसणार?

पाचव्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर टॅब घेऊन उपयोग थोडा. आणि उत्तर असेल, तर बहुतेक वेळा टॅब न घेताही काम सुरू होतं. बालभारतीच्या पुस्तकांत चौकोनी ठिपक्यांची खूण असते, तिला क्यूआर कोड म्हणतात. 'दीक्षा' हे सरकारी ॲप फोनवर घेऊन ती खूण दाखवली, की त्या पाठाचं साहित्य उघडतं. त्याला पैसे पडत नाहीत. आधी ते महिनाभर वापरून बघा. मूल रमलं, बोलायला लागलं, आणखी हवं म्हणालं, तर मग पुढचा विचार करा.

आणि गटाला एक सुचवते. आपल्या वाडीवस्तीतल्या मुलांना आठवड्यातून दोनदा कोणाच्या तरी ओट्यावर एकत्र बसवा. दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी किंवा सून गावात असतेच. तिने कार्डांचे खेळ घ्यावेत. कार्डं जुन्या पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून करता येतात. तिला गटाने महिन्याला थोडं मानधन द्यावं. चार-पाच घरांनी मिळून दिलेले हे पैसे एका टॅबच्या हप्त्याच्या तुलनेत कमी होतात का, हा हिशेब तुमच्या वहीत तुम्हीच मांडा. ते पैसे गावातच राहतात आणि एका लेकीच्या हाताला काम मिळतं.

पुढच्या बैठकीला एक काम करून या. घरात, शेतात, दवाखान्यात आपण बोलतो ते इंग्रजीतून आलेले पंचवीस शब्द मुलाकडून नाहीतर मुलीकडून वहीत लिहून घ्या. तो किंवा ती लिहीत असताना घाई करू नका. शब्द अडला तर मनात एक, दोन, तीन मोजा आणि वाट बघा.